सॅलेशियाचा आकार

काल रात्रीपासून सॅलेशिया, नेपच्यूनच्या पलीकडचा तो एक पिंड, डोक्यातून जात नाहीये. अवकाशाच्या गेमच्या कॅटलॉग फाईलमध्ये नेपच्यूनच्या पलीकडचं सगळं नव्याने लावत बसलो होतो, प्रत्येकाला एकच टाइप द्यावा लागतो, बटुग्रह नाहीतर लघुग्रह, मधलं काही चालत नाही. सेरेस, प्लूटो, हौमिया, माकेमाके, एरिस हे पाच सोपे, त्यांच्यावर आयएयूचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचा शिक्काच आहे. सेडना, क्वाओआर, गोंगगोंगलाही बटुग्रह लिहिताना फार विचार नाही केला. मग सॅलेशिया. लघुग्रह टाकलं, सेव्ह केलं, आणि इतका वेळ जिथे गोल गोळा होता तिथे बटाट्यासारखं वेडंवाकडं ढेकूळ. कक्षा तीच, व्यास तोच साधारण ८५० किमी, फक्त एक शब्द बदलला मी.

तसं कारण होतं माझ्याकडे. २०१९ मध्ये एक पेपर आला होता, की ४०० ते १००० किमीच्या दरम्यानचे तिकडचे बरेच पिंड आतून अजून सच्छिद्र असतील, स्वतःच्या वजनाने दाबून घट्ट झालेच नसतील. पण मग गोल नाहीच असंही कुठे सिद्ध झालंय? २००६ ला प्रागमध्ये आयएयूचं ठरलं की बटुग्रह स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने गोल झालेला हवा, ठीक आहे, पण बघितलंय कुणी? शनीचा चंद्र मीमास जेमतेम ३९६ किमीचा, बर्फाचा, तरी गोल. लघुग्रहांतली वेस्टा ५२५ ची, नासाचं डॉन यान तिच्याजवळ जाऊन आलं, ती नाही गोल. नुसत्या व्यासावरून कसं ठरवायचं मग. सॅलेशियाजवळ तर कुणी गेलंच नाही, मोठ्या दुर्बिणीतही ठिपकाच, आणि मी इथे ऐरोलीत बसून तिला ढेकूळ करून टाकायचं. हेच सलतंय.

आईला सांगायला गेलो तर म्हणाली, आधी जेवून घे. दादाशी पूर्वी बोलता यायचं या सगळ्यावर. आता, जाऊ दे. गच्चीत गेलो तर ढग, आणि ढग नसते तरी या उजेडात काय दिसणार होतं. फार एकटं वाटलं, खरं सांगायचं तर.

सकाळी लोकलमध्ये मात्र सेरेस आठवली. १८०१ ला सापडली तेव्हा ग्रह, मग कित्येक वर्षं लघुग्रह, २००६ पासून बटुग्रह. म्हणजे टाइप बदलतात, बदलू देत की. कधीतरी सॅलेशिया एखाद्या चांगल्या ताऱ्यासमोरून जाईल, वेगवेगळ्या गावांतून लोक तारा किती सेकंद विझला ते मोजतील आणि त्यातून तिची कड निघेल. हौमियाचं कडं २०१७ ला असंच सापडलं, पिधानातून.

घरी आल्या आल्या तिला परत बटुग्रह केलं आणि बाजूला कॉमेंट टाकली, आकार मोजलेला नाही. आता तिकडचाच ऑर्कस आणि त्याच्या सोबतची व्हँथ. व्हँथ ४४० किमीच्या आसपास, दोघं ज्या बिंदूभोवती फिरतात तो ऑर्कसच्या बाहेर पडतो, मग तिला चंद्र लिहायचं की दोघांना जोडी?