३०२, पण बी विंगचं
आज पुन्हा बी विंगमधल्या ३०२ च्या काकांचं पार्सल आमच्या ए विंगच्या ३०२ मध्ये! महिन्यातलं चौथं. एरवी मी संध्याकाळी सावकाश नेऊन देते, पण आज खोक्यावर 'इन्सुलिन, थंड जागी ठेवा' वाचलं आणि काळजात धस्स झालं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं, आणि हे दुपारपासून आमच्या चपलांच्या स्टँडवर. तेही पुण्यातल्या मे महिन्यात! तशीच धावत गेले. आतला बर्फाचा पॅक पार वितळलेला. काकांनी आधी मलाच पाणी दिलं. केमिस्टला विचारल्याशिवाय वापरू नका, असं त्यांना दोनदा सांगून आले. डिलिव्हरीवाल्या दादांनो, पत्त्यात विंग लिहिलेली असते, तेवढी वाचा हो. उद्या गेटवर दोन्ही विंगची मोठी पाटी लावून घेणार आहे.