शेळीने हुंगून सोडलेले झुडूप

एप्रिलमधल्या एका दुपारी वामकुक्षी साधली नाही म्हणून मी खिडकीशी बसलो होतो, तेवढ्यात मागच्या वस्तीतली एक शेळी दावे तोडून आमच्या सोसायटीच्या आवारात शिरली. रखवालदार खुर्चीत पेंगत होता. शेळीने आधी तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांची जास्वंद निम्मी केली, मग मोगऱ्याचे शेंडे खुडले, कोणीतरी टाकलेला वर्तमानपत्राचा बोळा चघळून पाहिला, आणि शेवटी मी लावलेल्या अडुळशाच्या कुंपणाशी येऊन ती थांबली. तिने मान लांब करून एक पान हुंगले, ओठ मुडपला आणि ती शेपटी हलवत आल्या वाटेने निघून गेली. हे पाहून मला झालेला आनंद शेजारधर्माला शोभणारा नव्हता, हे मान्य केले पाहिजे. मी वेळीच ओरडलो असतो तर जास्वंद वाचली असती. पण ती अडुळशापर्यंत पोचल्यावर काय करते, हे मला पाहायचे होते.

खरे तर त्यात पाहण्यासारखे नवीन काही नव्हते. तमिळ भाषेत या झुडपाचे नावच मुळी ‘शेळी न शिवणारे’ अशा अर्थाचे आहे. ‘आडु’ म्हणजे शेळी आणि ‘तोडा’ म्हणजे न शिवणारी. हाच शब्द समुद्र ओलांडून युरोपात गेला आणि 1753 साली स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने या वनस्पतीला ‘जस्टिशिया अधाटोडा’ असे नाव दिले. त्यातला जस्टिशिया हा शब्द जेम्स जस्टिस नावाच्या स्कॉटिश बागाइतदारावरून आला आहे. म्हणजे निम्मे नाव स्कॉटलंडच्या बागेतले आणि निम्मे दक्षिणेतल्या कोणा शेळी राखणाऱ्याचे. बागाइतदाराचे नाव इतिहासात राहिले, शेळीवाल्याचे राहिले नाही. पण त्या झुडपाची खरी ओळख त्यानेच पटवली होती.

आमचे गाव माण तालुक्यातले. सातारा जिल्हा म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे महाबळेश्वरचा पाऊस उभा राहतो. पण सह्याद्रीने अडवलेल्या ढगांच्या पलीकडच्या बाजूला आमचा तालुका आहे आणि पाऊस आमच्याकडे पाहुण्यासारखा येतो, तोही न कळवता. अशा ठिकाणी परसाला जे कुंपण असते त्याला पाणी मिळण्याची शक्यता नसते, कारण माणसांचे पाणीच डोक्यावरून आणलेले असते. म्हणून आमच्याकडे कुंपणाला निवडुंग, घायपात, नाहीतर अडुळसा. निवडुंग आणि घायपात काट्यांच्या जोरावर उभे राहतात. अडुळशाला एकही काटा नाही. तो केवळ कडूपणावर निभावतो. त्याचे पान चुरगाळले की येणारा वास मला अजूनही टाळता येत नाही. कुंपणावरून जाताना एक पान तोडायचे, बोटांत चुरायचे, हुंगायचे आणि टाकून द्यायचे, ही माझी साठ वर्षांची खोड आहे. सौ.च्या मते ती तंबाखू मळण्यापेक्षा बरी, इतकेच.

आजी मात्र हिरव्या पानांना फारशी किंमत देत नसे. औषधाला तिला पिकून पिवळे झालेले पान लागे आणि ते झाडावरून तोडताना ती झाडाला काहीतरी पुटपुटत असे. अडुळशाच्या पानाला नुसते कुटून रस सुटत नाही. त्यासाठी ती पानांची जुडी करून वडाच्या पानांत गुंडाळी, वरून ओल्या मातीचा जाड लेप देई आणि तो गोळा चुलीतल्या फुफाट्यात पुरून ठेवी. वरची माती लालसर झाली की गोळा फोडायचा आणि आतली वाफाळलेली पाने फडक्यात घालून पिळायची. वैद्यकात याला पुटपाक म्हणतात, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. आमच्या घरी त्याला ‘गोळा भाजणे’ एवढेच नाव होते. निघालेला चमचाभर रस मधात कालवून ती पुढे करी. मध वरून लागे आणि कडूपणा मागाहून येई, त्यामुळे फसवले गेल्याची भावना दर वेळी नव्याने होई. घरात कोणी गरोदर असेल तर मात्र आजी त्या बाईला या रसाच्या वाऱ्यालाही उभी करीत नसे. त्यामागचे कारण आम्हा मुलांना कोणी सांगितले नाही.

अलीकडे मला महिनाभर खोकला होता. डॉक्टरांनी दिलेल्या बाटलीवरची बारीक अक्षरे भिंग घेऊन वाचली तेव्हा तिथे ब्रोमहेक्झिन सापडले. अडुळशाच्या पानातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच हे औषध साठच्या दशकात प्रयोगशाळेत घडवले गेले, आणि हल्ली खोकल्याच्या पुष्कळ बाटल्यांत दिसणारे अँब्रॉक्सॉल हे त्याचेच पुढचे रूप आहे. व्हॅसिसिन हे नावही आपल्याच ‘वासा’ या संस्कृत शब्दावरून पडलेले. औषधाला स्ट्रॉबेरीची चव होती. मला ती मधापेक्षाही अप्रामाणिक वाटली.

पुण्यातल्या या सोसायटीत अडुळसा आणण्याचे श्रेय माझ्याकडे जाते, आणि त्याबद्दलच्या तक्रारीही. दहा वर्षांपूर्वी मागच्या भिंतीलगत शोभेचे कुंपण लावायचे ठरले तेव्हा एका ठेकेदाराने पिवळ्या पानांचा दुरांटा सुचवला. त्याचे मूळ अमेरिका खंडातले, त्याला नियमित पाणी हवे आणि आमच्याकडे मार्चपासून टँकर सुरू होतो. मी अडुळशाचे नाव काढले तेव्हा तो म्हणाला, “काका, ते रानटी दिसतं.” रानटी दिसते, कारण ते इथल्याच रानातले आहे, असे मी सभेत बोललो, आणि लोक हसले. शेवटी खर्चाचा आकडा पाहून सभेने माझ्या बाजूने कौल दिला. अडुळशाला खर्च नव्हताच. मृगाचा पाऊस पडून गेल्यावर गावाहून अंगठ्याएवढ्या जाडीच्या जून फांद्या आणल्या, चार चार डोळ्यांचे तुकडे केले, दोन डोळे जमिनीत आणि दोन वर ठेवून दीड दीड हातावर खोचले. ती जमीन म्हणजे बांधकामाचा राडारोडा मिसळलेला मुरूम होता. श्रावण संपेपर्यंत बहुतेक काड्यांना पालवी आली होती, आणि तिसऱ्या वर्षी कुंपण माझ्या खांद्याला लागले.

तेव्हापासून माझे भांडण दोन गोष्टींवरून आहे. पहिली म्हणजे पाणी. पहिल्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी एकेक तांब्या घातला तेवढाच. त्यानंतर त्याला पाणी लागत नाही. वैशाखातल्या दुपारी त्याची पाने मान टाकल्यासारखी लोंबतात हे खरे आहे, पण ऊन उतरले की ती आपसूक वर येतात. नव्या माळ्याला ती दुपारची अवस्था पाहवेना. त्याने महिनाभर नळी सोडून ठेवली आणि सखल कोपऱ्यातली तीन झुडपे मुळाशी कुजून गेली. दुष्काळात टिकणारे झाड लाडाने मेले, हे त्याला पटवून देता देता माझा रक्तदाब वाढला.

दुसरी गोष्ट म्हणजे कात्री. कुंपण म्हटले की ते टेबलासारखे सपाट छाटलेले असावे, अशी एक समजूत आहे. अडुळशाचे तुरे फांद्यांच्या शेंड्याकडे येतात, त्यामुळे दर महिन्याला शेंडे उडवणाऱ्याला फूल दिसतच नाही. मी छाटणी थंडीचा बहर संपल्यावर एकदाच करू देतो. म्हणून पौष-माघात आमच्या भिंतीवर ती पांढरी, दोन ओठांची फुले दिसतात. खालच्या ओठावर जांभळट गुलाबी रेघा असतात आणि तोंड असे काही उघडलेले असते की जुन्या वैद्यांनी या झाडाला सिंहास्य म्हटले. सिंहाच्या या तोंडात काळा भुंगा डोके घालून बसतो आणि फूल त्याच्या वजनाने वाकते. लहानपणी आम्ही ते फूल देठाकडून उपटून मागच्या टोकाचा मध चोखत असू. एवढ्या कडू झाडात तेवढाच एक गोड थेंब असतो. परवा आमच्या नातीला मी ते शिकवत होतो, तेव्हा तिच्या आईने वरून विचारले की बाबा, ते धुतले आहे का?

त्या शेळीमुळे मला आणखी एक गोष्ट आठवली, जी मी घरात कधी सांगितलेली नाही.

1972 च्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा होतो. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाई, मला शाळेत सुकडी मिळे, आणि आजी दिवसभर घर आणि बांडी सांभाळी. बांडी म्हणजे आमची शेळी. गुरांसाठी छावणी निघाली होती. एकट्या शेळीला छावणी नसते. बांडीने आधी बांधावरचे वाळलेले गवत संपवले, मग बाभळीच्या शेंगा, मग बोरीचा पाला, मग घराच्या छपराचा जिथवर तोंड पोचेल तिथवरचा पाचट. पुढच्या उन्हाळ्यात तिचे दूध आटले. परसात त्या वेळी हिरवे असे एकच काही होते आणि ते अडुळशाचे कुंपण होते. बांडी त्याच्या सावलीत बसत असे, पण तोंड लावत नसे.

एका संध्याकाळी मी रिकामे पोते घेऊन परत आलो तेव्हा कुंपणाच्या खालच्या फांद्या ओरबाडलेल्या दिसल्या आणि बांडी मान खाली घालून चावत उभी होती. ती थांबत होती, तोंडातला घास टाकून देत होती आणि पुन्हा तोच उचलत होती. मला वाटले, आजी तिला हाकलील, कारण ती पाने घराची औषधे होती. आजी उंबऱ्यातून उठली, कुंपणाशी गेली, बांडीचे तोंड पोचत नव्हते त्या वरच्या फांद्या तिने एकेक करून मोडल्या आणि तिच्यापुढे टाकल्या.