घडाघडा वाचता येतं, पण कळतं का?

शाळेत भाषा शिकवतात म्हणजे नेमकं काय शिकवतात हा प्रश्न मला हल्ली फार छळतो. धडे, कविता, व्याकरण हे सगळं हवंच, त्याबद्दल वाद नाही, पण शाळा संपवून बाहेर पडलेल्या मुलाच्या हातात एखादी नोटीस द्या, तो ती एका दमात वाचून दाखवेल आणि मग विचारा की बाबा शेवटची तारीख कुठली, कागदपत्रं कुठली जोडायची, उशीर झाला तर काय, की तो परत पहिल्या ओळीपासून सुरू करतो. वाचलं सगळं, हाती काहीच लागलं नाही. वर्ल्ड बँकेने २०१९ मध्ये अंदाज मांडला होता की गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या दहा वर्षांच्या ५३ टक्के मुलांना साधा छोटा मजकूर वाचून समजत नाही, आणि कोविडमध्ये शाळा बंद राहिल्यावर २०२२ मध्ये तोच अंदाज ७० टक्क्यांवर गेला. हा आकडा वाचून मला खरंच धक्का बसला होता.

आणि यावर उपाय म्हणून 'जीवन कौशल्य' नावाचा वेगळा तास काढतात, भिंतीवर तक्ता लावतात, संपलं. जागतिक आरोग्य संघटनेने नव्वदच्या दशकात जी दहा कौशल्यं सांगितली त्यात निर्णय घेणं, ताण हाताळणं याच्या बरोबरीने नीट संवाद साधणंही आहे. माझं म्हणणं एवढंच की भाषा आणि व्यवहार असे दोन वेगळे कप्पे करूच नका, कारण जगताना ते वेगळे येतच नाहीत.

आता अ‍ॅम्ब्युलन्ससाठी फोन करायचंच घ्या. घरात कोणी अचानक कोसळलं आणि जवळ फक्त तेरा वर्षांची मुलगी आहे, तर तिला काय काय बोलता आलं पाहिजे? आधी पत्ता, जवळची खूण, मग काय झालंय, माणूस शुद्धीवर आहे का, श्वास नीट चालू आहे का, आणि समोरचा सांगेपर्यंत फोन ठेवायचा नाही. चार-पाच वाक्यं आहेत, पण हात थरथरत असताना ती योग्य क्रमाने सुचायला सराव लागतो, आणि असा सराव भाषेच्या तासाला दोघांच्या जोड्या करून सहज होतो. पुढे सीपीआर, म्हणजे माणूस शुद्धीवर नसेल आणि श्वास नीट चालत नसेल तर मोठ्या माणसाच्या छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, पाच-सहा सेंटीमीटर खोल दाब द्यायचे. नॉर्वेने हे शाळेत १९६१ पासून सक्तीचं केलंय! भाजल्यावर टूथपेस्ट किंवा बर्फ न लावता वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरायचं हेही तसंच, एकदा करून दाखवलं की मुलं विसरत नाहीत.

पत्रलेखनाचं तर मला फार वाईट वाटतं. मायना बरोबर, तारीख उजवीकडे की डावीकडे, याला मार्क, आणि मधला मजकूर म्हणजे 'कृपया लक्ष घालावे ही नम्र विनंती'. अहो पण कशात लक्ष घालायचं? वस्तू कधी घेतली, बिल नंबर काय, नेमकं काय बिघडलं, मला बदलून हवी की पैसे परत, आणि किती दिवसांत, हे लिहिलं तर तो तक्रार अर्ज. शिवाय एक प्रत स्वतःकडे ठेवायची आणि पोच घ्यायची, हे कुठल्याच धड्यात नसतं.

गणिताचंही तेच. चक्रवाढ व्याजाचं सूत्र पाठ असतं, पण 'महिना फक्त ३ टक्के' असं कर्ज कोणी देऊ केलं आणि व्याज थकून मुद्दलात मिळत गेलं तर वर्षाला ४२ टक्क्यांहून जास्त पडतं, हे त्याच सूत्रातून काढायचं असतं हे कोणी सांगत नाही. ५० टक्के सूट आणि वर २० टक्के म्हणजे ७० नव्हे, ६० होतात, हेसुद्धा.

'हे घरी शिकवायचं असतं' असं बरेच जण म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. ज्या घरात बँकेचा कागद वाचणारं कोणीच नाही त्या घरातल्या मुलाने कुणाकडून शिकायचं? आणि स्वयंपाक, शिवणकाम घरी शिकायचं म्हटलं की ते मुलींच्याच वाट्याला येतं, जपानने १९९३-९४ मध्ये वरच्या वर्गांतल्या मुलग्यांनाही गृहविज्ञान सक्तीचं केलं ते उगीच नाही.

यासाठी नवीन पुस्तक, नवीन विषय काही नको, शिक्षकांवर आधीच कामाचा ढीग आहे. परीक्षेतल्या उताऱ्याच्या जागी कधी औषधाच्या पाकिटातली माहिती द्या, कधी भाडेकरार द्या, आणि विचारा की हे औषध कोणी घेऊ नये, घर सोडायचं तर किती दिवस आधी कळवायचं. परीक्षेत आलं की वर्गात आपोआप शिकवलं जाईल.