मॅनेजरचे मेसेज

आमच्या प्रश्नावलीतला पहिला प्रश्न असा होता: "तुझी कधी ऑनलाइन फसवणूक झाली आहे का?" ए.आय. वापरून होणारी फसवणूक आणि मोबाइलवरचे जोखमीचे पैशांचे व्यवहार, यांत तरुण मुलंमुली कशी अडकतात हा माझ्या अभ्यासाचा विषय. अठरा ते चोवीस वयाच्या मुलांशी मी बोलते. पायलटच्या, म्हणजे आधीच्या चाचणीच्या, मुलाखतींत जवळजवळ प्रत्येकानं या प्रश्नाला एका शब्दात उत्तर दिलं. नाही. काही जण हसलेसुद्धा. "ताई, हे आजीआजोबांना विचारा." मी 'नाही'वर खूण करून पुढच्या प्रश्नाकडे जायची.

मग मुलाखत संपायची, रेकॉर्डर बंद व्हायचा, मी संमतिपत्रं आवरायला घ्यायची आणि दारापर्यंत गेलेलं कोणीतरी परत फिरायचं. "ताई, एक विचारू? माझ्या एका मित्राचं असं झालंय..." मित्राची गोष्ट सुरू व्हायची आणि तिसऱ्या-चौथ्या वाक्याला 'त्यानं पैसे भरले'चं 'मग मी परत भरले' होऊन जायचं. बोलणाऱ्याच्या ते लक्षातही यायचं नाही. मी मात्र ते कुठेच लिहू शकत नव्हते, कारण रेकॉर्डर बंद होता आणि संमती मुलाखतीपुरतीच होती.

याचा अर्थ मला मुलाखतींतून लागला नाही. तो घरात लागला.

माझा भाचा एकोणीस वर्षांचा आहे. त्याला विचारूनच हे लिहिते आहे. ताईचा फोन आला की तो रात्रभर जागा असतो, कोणाशी बोलत नाही, जरा येऊन जा. मी गेले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यानं फोन उघडून माझ्यापुढे सरकवला आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसला. फीसाठी बाजूला ठेवलेले पैसे गेले होते. दोन मित्रांकडून उसने घेतलेलेही गेले होते. या गोष्टीला बावीस दिवस झाले होते. मी विचारलं, "अरे, मला का नाही सांगितलंस?"

"मावशी, तू याच्यावरच काम करतेस. तुलाच कसं सांगणार?"

ते चॅट मी त्या रात्री पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. सुरुवात अगदी साधी आहे: घरबसल्या काम, रोजचा अर्धा तास, हॉटेलांना ॲपवर रेटिंग द्यायचं. पहिल्या दिवशी थोडे पैसे मिळाले आणि ते खरोखर त्याच्या खात्यात जमा झाले. या सगळ्या रचनेतली ही सर्वांत महत्त्वाची वीट. समोरचा पैसे देतो, म्हणजे खोटा नाही, एवढी पारख तर आपण सगळेच करतो. तिसऱ्या दिवशी 'कॉम्बो टास्क' आला. हे नशिबानं मिळतं, यात कमिशन जास्त असतं, असं सांगितलेलं. कॉम्बो आला की ॲपमधली शिल्लक वजा दाखवते, लाल अक्षरांत. ती शून्यावर आणायला स्वतःचे पैसे भरायचे, मग टास्क पूर्ण होतो आणि मूळ रक्कम कमिशनसकट परत दिसायला लागते. दिसायला लागते, एवढंच. ती काढायला गेलं की पुढचा कॉम्बो, मग 'खातं गोठलंय', मग 'कर भरा', मग 'पडताळणी शुल्क'. प्रत्येक वेळी आधी अडकलेले पैसे सोडवण्यासाठीच तो पुढचे पैसे भरत गेला. त्याला लोभ सुटला होता असं मला त्या चॅटमध्ये कुठेही दिसलं नाही. पहिल्या दोन दिवसांनंतर तो फक्त स्वतःचेच पैसे परत मागत होता.

अमेरिकेत ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेकडे या टास्कच्या फसवणुकीच्या तक्रारी २०२० मध्ये एकही नव्हत्या. २०२३ मध्ये सुमारे ५,००० आल्या, आणि २०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांतच २०,००० च्या आसपास.

पण मला त्या रात्री खिळवून ठेवलं ते चॅटवर भाच्याला टास्क देणाऱ्या त्या 'मॅनेजर'च्या भाषेनं. काही वर्षांपूर्वीचे असे मेसेज आठवतात ना? 'प्रिय ग्राहक, आपण आपले बक्षीस गोळा करण्यास पात्र झाले आहात.' ती लंगडी मराठी हीच आपली मोठी ढाल होती. शिबिरांत, पत्रकांत, सगळीकडे आम्ही तेच सांगत आलो: व्याकरणाच्या चुका बघा. आणि इथे रात्री नऊ चाळीसला मेसेज आहे, "काय रे, जेवलास का?" थोड्या वेळानं, "उद्या लवकर उठायचंय ना तुला, झोप आता." 'जेवलास'मधलं पुल्लिंग अचूक. 'उठायचंय'मधला अनुस्वार जागच्या जागी. 'ना' नेमका तिथेच, जिथे माझी आई घालेल. हे वाचून चूक शोधायला मला सांगितलं असतं, तर मीसुद्धा हात टेकले असते. भाषेची जी मजुरी पूर्वी फसवणाऱ्याला जमत नव्हती, ती आता कुठल्याही भाषेत, कितीही जणांशी एकाच वेळी, रात्री दोन वाजताही न थकता करून मिळते. पत्रकातला तो सल्ला आम्ही काढून टाकला आहे, कारण आता तो उलटा घात करतो. चुका नाहीत म्हणजे माणूस खरा, असं मुलं त्यातून शिकतात.

आवाजाचंही तसंच. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जानेवारी २०२३ मध्ये तीन सेकंदांच्या नमुन्यावरून आवाजाची नक्कल करणारं मॉडेल दाखवलं. ज्या वयात स्वतःचे व्हिडिओ टाकणं हे बोलण्याइतकंच सहज आहे, त्या वयाच्या मुलांचे तीन सेकंद कुठेही मिळतात. 'डोळ्यांनी बघून खात्री कर' यालाही अर्थ उरलेला नाही. २०२४ च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या एका कर्मचाऱ्यानं वीस कोटी हाँगकाँग डॉलर पंधरा व्यवहारांत पाठवून दिले, तेव्हा त्याला पहिला ईमेल आला त्याच वेळी संशय आला होता. तो संशय व्हिडिओ कॉलनं घालवला. कॉलवर ओळखीचे सहकारी दिसत होते आणि ते सगळे बनावट होते. मुलांशी बोलताना मी हा प्रसंग नेहमी सांगते. अनुभवी नोकरदाराचा बरोबर आलेला संशयही जर असा पुसता येतो, तर एकोणीस वर्षांच्या मुलाला 'तुला साधं कळलं नाही का' असं विचारणं अन्यायाचं आहे.

आणि फसतात ती म्हातारी माणसंच, हा समज तर आकड्यांपुढे टिकतच नाही. फेडरल ट्रेड कमिशनच्याच २०२३ च्या आकडेवारीत, फसवणुकीची तक्रार करणाऱ्या विशीतल्या लोकांपैकी ४४ टक्क्यांचे पैसे गेले होते. सत्तरीतल्यांमध्ये हे प्रमाण २५ टक्के होतं. वयस्कांची रक्कम मोठी जाते, कारण त्यांच्याकडे मोठी असते. पण पैसे जाण्याचं प्रमाण तरुणांत जास्त आहे.

मुलाखतींत दुसरी एक गोष्ट हळूहळू वर आली, तिच्यासाठी प्रश्नावलीत जागाच नव्हती. शेअर बाजारातलं ट्रेडिंग. हे मुलांच्या हिशेबात फसवणूक नाहीच, कारण ॲप खरं आहे, कंपनी खरी आहे, कायदा मोडलेला नाही. "लॉस झालाय, पण रिकव्हर करतोय," हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलं की मी नोंदींत त्याला स्वतंत्र कोड, म्हणजे खुणेचं नाव, दिलं. ब्राझीलमध्ये संशोधकांनी फ्युचर्समध्ये, म्हणजे पुढच्या भावावरच्या सौद्यांत, नव्यानं डे ट्रेडिंग (त्याच दिवशी घेणं-विकणं) सुरू करणाऱ्यांचा माग काढला होता; त्यांतले जे ३०० दिवसांहून जास्त टिकले, त्यांच्यातल्या ९७ टक्क्यांना तोटा झाला. म्हणजे सराव केला तरीही. भारतात शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्सचे असेच सौदे करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात निघाले, आणि तिशीच्या आतल्यांचा वाटा एका वर्षात ३१ वरून ४३ टक्क्यांवर गेला.

हे दोन विषय वेगळे ठेवावेत असं माझ्या सहकारी मैत्रिणीचं म्हणणं होतं. गुन्हा वेगळा, जोखीम वेगळी. कागदावर ते बरोबर आहे. पण मुलांच्या फोनमध्ये ते वेगळे नाहीत. ऑप्शन्समध्ये तोटा झालेला मुलगा तोटा भरून काढायला 'खात्रीच्या टिप्स'च्या ग्रुपमध्ये जातो, तिथे एखाद्या प्रसिद्ध चेहऱ्याचा डीपफेक, म्हणजे ए.आय.नं बनवलेला खोटा, व्हिडिओ असतो, तिथून बनावट ॲपवर. त्यात पैसे गेले की आठवड्याभरात आणखी कोणी येतं: आम्ही अडकलेले पैसे परत मिळवून देतो, फक्त शुल्क आधी भरा. भाच्यालाही ते आले होते. त्यानं फॉर्म अर्धा भरलाही होता. खात्यात काही उरलं नव्हतं म्हणून तो थांबला.

एका मुलीनं तिचं बँक खातं 'थोडे दिवस वापरायला' दिलं होतं, दर व्यवहाराला ठरावीक कमिशनवर. तिच्या खात्यातून कोणाचे पैसे गेले असतील, हा विचार तिला माझ्यासमोर पहिल्यांदा आला. तो तिच्या चेहऱ्यावर येताना मी बघितला.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये म्हटलं होतं की म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसं डांबून ठेवून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामं करवून घेतली जात असावीत. त्यांतले बरेच जण शिकलेले, संगणक येणारे, नोकरीच्या खोट्या जाहिरातीला भुलून गेलेले. हे वाचल्यापासून त्या 'मॅनेजर'बद्दल मला नुसता राग धरता येत नाही. पलीकडे कीबोर्डवर बसलेलं पोरही भाच्याच्याच वयाचं असू शकतं, आणि त्यालाही कोणीतरी आधी 'घरबसल्या काम' असंच काहीतरी सांगितलेलं असू शकतं.

त्या बावीस दिवसांकडे परत येते. असे पैसे एका खात्यात थांबत नाहीत. काही मिनिटांत ते दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या खात्यात जातात आणि शेवटी रोख किंवा क्रिप्टो होतात. जेवढे अजून एखाद्या खात्यात पडून आहेत, तेवढेच बँकेला रोखता येतात. पहिल्या तासात सांगितलं तर काही हाती लागायची शक्यता असते. बावीस दिवसांनी फक्त तक्रार नोंदवता येते. मग हे बावीस दिवस येतात कुठून?

म्हणून मी पहिला प्रश्न बदलला. आता विचारते, "पैशांच्या बाबतीत मोबाइलवर असं काही झालंय का, जे तू घरी सांगितलं नाहीस?" आणि लगेच दुसरा, "घरी कळलं, तर पहिलं वाक्य काय येईल?"

पहिल्याला उत्तर यायला वेळ लागतो. दुसऱ्याला अजिबात लागत नाही. "मी सांगत होतो ना." "मोबाइल इकडे दे आधी." "एवढं शिकवलं ते याच्यासाठी?" मुलांना ही वाक्यं पाठ आहेत, अजून ती कोणी उच्चारलेलीही नसताना. एका मुलीनं तर वडिलांचा आवाज काढून दाखवला, बोट उगारून, हुबेहूब. आम्ही दोघीही हसलो. मग ती बराच वेळ पाण्याची बाटली हातात फिरवत राहिली आणि म्हणाली, "पण ते वाईट नाहीयेत हं."

फोटोंवरून धमकावलं जातं तेव्हा हे गप्प राहणं जिवावर बेततं. एफबीआयनं जून २०२३ मध्ये इशारा दिला होता की समाजमाध्यमांवरचे साधे फोटो घेऊन त्यांवरून अश्लील प्रतिमा बनवल्या जातात आणि त्या दाखवून पैसे उकळले जातात. म्हणजे ज्यानं काहीच केलेलं नाही, त्यालाही आता लाज वाटायला लावता येते. अशा मुलाला 'तू पाठवलासच का' हा प्रश्न पहिल्यांदा विचारला जाणार असेल, तर तो कोणाकडे जाईल?

मैत्रिणीला नवा प्रश्न पटलेला नाही. त्यात उत्तर गृहीत धरलंय, मुलं आपल्याला हवं ते बोलतील, असं ती म्हणते. तिचा आक्षेप मी प्रश्नावलीच्या नोंदीत जसाच्या तसा लिहिला आहे. पण जुन्या प्रश्नातही एक उत्तर गृहीत धरलेलं होतंच. 'फसवणूक झाली का' याला 'हो' म्हणायचं, तर आधी मी फसणाऱ्यांतला आहे हे एका अनोळखी बाईसमोर कबूल करावं लागतं. दारापाशी जाऊन 'मित्राची गोष्ट' सांगणाऱ्या मुलांना नेमकं तेच जमत नव्हतं.

गेल्या आठवड्यात भाच्यानं स्वतःहून विचारलं, त्याचं चॅट अभ्यासाला उपयोगी पडेल का. मी त्याच्यासमोर संमतिपत्र ठेवलं, नेहमीसारखं एकेक कलम वाचून दाखवलं. नातेवाईक म्हणून वेगळी वागणूक नको, तेव्हा सही मैत्रिणीसमोर घेतली. नावं, नंबर, रकमा काढायचं ठरलं. त्यानं सगळं मान्य केलं. मग पेन उचलून कागदाच्या कडेला एक ओळ स्वतः लिहिली: माझी उत्तरं वापरू नयेत.

त्यामुळे आमच्या फाइलमध्ये ते संभाषण एका बाजूचंच आहे. मॅनेजर विचारतो, मॅनेजर सांगतो, मॅनेजर धीर देतो. त्याच्या दोन मेसेजमध्ये जिथे भाचा काही बोलला होता, तिथे मी फक्त वेळ ठेवली आहे. रात्री ९.४३. रात्री ९.५१. रात्री १.२०.