व्यापारी असून सरकारी बँकांची बाजू का घेतो?

बडोद्याच्या रावपुऱ्यात दुकानावर कुणी ओळखीचं आलं की विचारतंच, "काका, तुम्ही धंदेवाले, मग बँका खासगी व्हायला तुमचा विरोध का?" 2021च्या अर्थसंकल्पात दोन सरकारी बँका विकण्याची घोषणा झाल्यापासून तर फारच. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

सरकारी बँकेचं मला कौतुक नाही. राहतं घर तारण ठेवूनही सीसीची, म्हणजे धंद्यासाठीच्या कॅश क्रेडिट कर्जाची, लिमिट वाढवायला खेटे घालावे लागतात, आणि बड्यांची कर्जं बुडीत धरून निर्लेखित होतात. चीड मलाही येते.

पण मी 2001 पाहिलंय. माधवपुरा मर्कंटाइल ही सहकारी बँक कोसळली आणि गुजरातभर सहकारी बँकांपुढे रांगा लागल्या. आमची बँक दुसरीच होती, लहान आणि ओळखीची. संचालक आमच्या घरच्या लग्नकार्यांना यायचे. तिच्यावरही पैसे काढण्याचे निर्बंध आले. दुकानाचं चालू खातं तिथे, बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कमही तिथेच. सुरतेच्या पार्टीला, म्हणजे माल देणाऱ्या व्यापाऱ्याला, दिलेले चेक परत गेले. बाबांचा चेक त्याआधी कधी परत गेला नव्हता. एकेका पार्टीला त्यांनी स्वतः फोन केला, तोही उभं राहून. हे गादीवर बसून सांगवेना, म्हणाले. आम्ही मुलं मदतीला गेलो तर हातानंच थांबवलं. ठेवीवरचा विमा तेव्हा एक लाखाचा होता. वरच्या रकमेचं काय झालं, ते कृपा करून विचारू नका.

1991 साली खुल्या बाजाराच्या बाजूनं तावातावानं बोलणारा मी आजही माझ्याशी भांडतो. तो म्हणतो, बुडाली ती सहकारी बँक, खासगी नव्हे. बरोबर. पण मार्च 2020मध्ये येस बँकेतून 50 हजारांवर पैसे काढता येईनात, तेव्हा भांडवल घेऊन पुढे आली ती स्टेट बँकच ना? त्यावर तो 2017 काढतो: सरकारी बँकांच्या भांडवलासाठी जाहीर झालेले 2.11 लाख कोटी रुपये कुणाच्या खिशातले? आणि सयाजीरावांनी 1908 साली काढलेली आपली बँक ऑफ बडोदा 1969पर्यंत सरकारी नव्हतीच, तरी उत्तम चालली. हे मी नाकारत नाही.

आता विमा पाच लाखांचा आहे, आणि 2021च्या दुरुस्तीनंतर निर्बंध आल्यापासून 90 दिवसांत तो मिळायला हवा. सुरतेची पार्टी 90 दिवस थांबत नाही. तोवर मी काय करायचं, हे मी खासगीकरण मागणाऱ्यांना विचारतो, संप करणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही विचारलंय. उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.