घाटात मऊ, गॅरेजात कडक

आळेफाट्याला गॅरेज टाकलं की निम्म्या गाड्या पिकअपच येतात. नारायणगाव-ओतूर पट्ट्यातला टोमॅटो कल्याण-वाशीला न्यायचा तर रात्रीचा माळशेज उतरावा लागतो, त्यामुळे 'ब्रेकचं पॅडल दबतंय' हे गाऱ्हाणं आम्हाला रोजचं. मागच्या चाकांतले ब्रेक लायनर सेट करायचे, ऑईलच्या नळ्यांतली हवा काढायची, की गाडी मोकळी. त्यासाठी मी हातातला पानासुद्धा खाली ठेवत नाही, पोरगं बघतं.

ही गाडी जुनी, बारा-तेरा वर्षांची. ड्रायव्हर पन्नाशीचे, सगळे त्यांना मामाच म्हणतात. "मेस्त्री, घाट उतरला की पॅडल पार फळीला टेकतं. दोन-तीनदा मारलं की कुठं धरतं. आणि तुमच्यासारख्याकडं आणली की कडक!"

मी बसून दाबलं. खरंच कडक. दाबून धरलं. पॅडलचा दाब ऑईलला देणाऱ्या मास्टर सिलिंडरचे रबर आतून सोडत असतील तर पाय हळूहळू खाली जातो. तो जागचा हलला नाही. इंजिन बंद करून पॅडल मारत, पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम संपवला, पाय तसाच ठेवून स्टार्टर मारला, पॅडल बोटभर खाली आलं. म्हणजे बूस्टरही शाबूत. गळती कुठेच नाही. मास्टर सिलिंडर तर आधीच्या गॅरेजवाल्याने दोनदा बदललेला. आमच्या धंद्यात कारण सापडलं नाही की मास्टर सिलिंडर बदलतात. नवा पार्ट चमकतो, बिल मोठं होतं, गिऱ्हाईक गप्प बसतं. तेही झाल्यावर मालकाने निकाल देऊन टाकला होता: मामांना घाटात गाडी चालवता येत नाही, ब्रेकवर पाय ठेवूनच उतरतात.

चाकं काढली. पुढचे पॅड पत्र्याला लागलेले, डिस्क निळसर पडलेल्या. मागचे ड्रम उघडले तर लायनर जाडजूड, वरून नुसते चकाकलेले. आधीचा गॅरेजवाला मामांना म्हणाला होता, "मागचं एकदम ओके आहे, हात लावू नका." मला खटकलं ते हेच. रोज माल भरून घाट उतरणाऱ्या गाडीचे मागचे लायनर झिजत नाहीत, म्हणजे ते काम करत नाहीत.

पण पॅडल मऊ झालेलं मला डोळ्यांनी बघायचं होतं. तात्पुरते नवे पॅड टाकले आणि त्या रात्री भरलेल्या गाडीत मामांशेजारी बसलो. त्यांना मुद्दाम काही सांगितलं नाही. मढ गेलं, पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेने घाटाच्या तोंडाशी आलो. तिथून मामा सेकंड गिअरला, इंजिनवर गाडी तोलत, वळणाआधी ब्रेक मारून सोडत उतरले. इतकं नेटकं उतरणारे ड्रायव्हर मी कमी पाहिलेत. ब्रेकवर पाय म्हणे!

शेवटच्या वळणांना पॅडल मऊ पडायला लागलं. मामांनी पंपिंग करत गाडी खाली आणली आणि मोरोशीच्या अलीकडे सपाटीला कडेला घेतली. पुढच्या चाकांजवळ हात नेववत नव्हता, जळका वास येत होता. मग मागे जाऊन ड्रमला हात लावला. कोमट. अडीच टनांच्या आसपास माल घेऊन माळशेज उतरलेल्या गाडीच्या मागच्या ड्रमवर मी तळहात ठेवून उभा होतो. चहा होईपर्यंत थांबलो, पुढची चाकं निवली, पॅडल परत कडक.

मऊ होण्याचं कारण तिथेच कळलं. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढतं, होजच्या रबरातूनसुद्धा. नवं डॉट ३ ऑईल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात पावणेचार टक्के पाणी मुरलं की १४० वर उकळायला लागतं. पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये वाफ झाली की पाय वाफेवर पडतो, कारण वाफ दाबली जाते, ऑईल दाबलं जात नाही. गार झालं की वाफेचं पुन्हा ऑईल, म्हणून गॅरेजात काहीच सापडत नाही. दुसऱ्या दिवशी हवा काढायचं निप्पल सोडलं तर कोऱ्या चहासारखं ऑईल आलं. मालकाला सांगितलं तर म्हणाले, "ऑईल कशाला बदलायचं? ते काय जळतं का?" दोन वर्षांनी ब्रेक ऑईल बदला म्हणून सांगणारा मेस्त्री लोकांना लुटारू वाटतो.

पण पुढची चाकं एवढी का तापतात? कारण सगळा भार त्यांच्यावरच. मागच्या ॲक्सलजवळ लोड बघणारा व्हॉल्व्ह असतो. माल भरला की बॉडी खाली बसते, दांडी व्हॉल्व्हला ढकलते, मागे पूर्ण प्रेशर जातं. रिकामी गाडी उचललेली राहते, मग तो मागचं प्रेशर तोडतो, नाहीतर ओल्या रस्त्यावर मागची चाकं जाम होऊन शेपूट फिरेल. या गाडीला मालकाने जास्त कॅरेट बसावेत म्हणून मागच्या कमानीत, म्हणजे स्प्रिंगमध्ये, दोन पाटे वाढवलेले. गाडी भरली तरी बसतच नव्हती. व्हॉल्व्हच्या हिशेबाने ती कायम रिकामी.

हवा काढतानाची चूकही या व्हॉल्व्हमुळेच. कितीतरी ठिकाणी गाडी जॅकवर घेऊन हवा काढतात. ॲक्सल लोंबकळतो, व्हॉल्व्ह मागची वाट आवळतो, लाईन धड धुवून निघतच नाही. गाडी चाकांवर उभी ठेवून, आधी मागची चाकं, मग पुढची, आणि व्हॉल्व्हला स्वतःचं निप्पल असेल तर तेही सोडायचं. डिस्क बदलल्या, मागचे लायनर बदलले, सगळं ऑईल बदलून डॉट ४ भरलं.

राहिली दांडी. मी म्हटलं, "शेठ, आधी ते पाटे काढू, मग कंपनीच्या मापाने दांडी लावतो." ते म्हणाले, "पाटे राहू द्या, तुम्ही दांडी ओढून घ्या." कोणी तर व्हॉल्व्हच काढून पाईप सरळ जोडतात, ते मी करत नाही. वाढीव पाट्यांच्या हिशेबाने दांडी लावली तर भरलेली गाडी थांबेल, पण रिकामी परत येताना पावसात मागून सरकेल. नाही लावली तर पुढच्या चाकांचं तेच रडगाणं. गाडीच्या फिटनेस तपासणीला हा व्हॉल्व्ह कोणी वाकून बघितल्याचं मी पाहिलेलं नाही; तिथे रिफ्लेक्टर बघतात.

पाटे शेवटी निघाले नाहीत. दांडी मी मधल्या मापावर लावली, रिकामी गाडी मामांकडून कच्च्या रस्त्यावर ब्रेक मारून बघितली, आणि त्यांना बजावलं की परतताना ब्रेक हळू. मामा घाट उतरतायत, पॅडल कडक राहतंय. मालक खूश आहेत. इतके की परवा त्यांचा फोन आला, दुसऱ्या पिकअपलाही दोन पाटे टाकतायत, 'तेवढा तो व्हॉल्व्ह सेट करून द्या' म्हणाले. त्यांना अजून होही म्हटलेलं नाही, नाहीही नाही.