शिबिराचा दुसरा दिवस, भंडारदरा

मे महिना, अमावास्येच्या आसपास. मुलं 32, वयं 9 ते 13. ताया-दादा 6.

पहाटे साडेपाच. उठल्या उठल्या पहिली सूचना: बूट उलटे करून झटका, मगच पाय घाला. विंचवाला रात्रभर बाहेर पडलेल्या बुटाइतकी सोयीची जागा मिळत नाही. लाल विंचू चावला आणि मुलाला दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार असं काही दिसलं, तर चिरा देणं, दोरी बांधणं वगैरे काही नाही, थेट दवाखाना. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलेलं प्राझोसिन हे औषध जवळच्या सरकारी दवाखान्यात आहे का, ही चौकशी शिबिराच्या आधीच करून ठेवायची. 108 ला फोन लावायला रेंज कुठल्या टेकाडावर येते, हेही.

सव्वासहाला चालायला बाहेर. माणशी एक लिटर पाणी. सगळ्यात हळू चालणारं मूल शेवटी ठेवायची पद्धत चुकीची आहे. पुढचे थांबून दम खातात, मागचा पोचतो तेव्हा ते निघतात, म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही. त्याला पुढच्या दादाच्या लगेच मागे घ्यायचं आणि त्याच्या चालीनं सगळ्यांनी चालायचं. धरणाच्या काठाला मात्र खाली उतरायचं नाही. पाणी ओसरलं की वरून वाळलेला दिसणारा गाळ आत ओलाच असतो, पाय गुडघ्यापर्यंत जातो.

नऊला पोहे. 38 जणांना 3 किलो जाडे पोहे, दीड किलो कांदे, किलोभर बटाटे. बिघडतात ते एका चुकीनं: सगळे पोहे आधीच भिजवून ठेवतात आणि फोडणीत पडेपर्यंत त्यांचा गोळा झालेला असतो. चाळणीत निम्मे-निम्मे भिजवायचे, निथळू द्यायचे, मीठ-साखर तिथेच लावायची. लिंबू पातेलं उतरवल्यावर.

दहाला तंबू पुन्हा ताणणं. काल घाईत ठोकलेल्या खुंट्यांपैकी निम्म्या आज हातानं उपटून येतात. मुलं खुंटीचं डोकं तंबूकडे झुकवतात, मग दोरी ताणली की ती अलगद निघते. डोकं तंबूपासून लांब, साधारण 45 अंशांत. मुरुमात ती जाते, कातळात जात नाही. तिथे पाटाएवढा धोंडा दोरीत अडकवायचा आणि त्याच्यावर आणखी एक ठेवायचा. संध्याकाळी वळवाचा वारा सुटला की फरक कळतो. दोन दोऱ्या जोडायला रीफ नॉट: उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर. दोन्ही वेळा उजवंच वर घेतलं तर गाठ आडवी बसते आणि ताण आला की सरकते. खूण सोपी आहे, बरोबर गाठीत दोरीची दोन्ही टोकं आपापल्या दोरीलाच चिकटून असतात.

साडेअकरा ते चार काही नाही. जेवण, सावली, सतरंज्या, पत्ते, बुद्धिबळ, लोळणं. पत्रकात ‘व्यक्तिमत्त्व विकास’ छापलेला असला की ही वेळ रिकामी ठेवायला आयोजकांना लाज वाटते आणि मग दोनच्या उन्हात मुलं रांगेत उभी राहतात. डोकं दुखणं, मळमळ, चिडचिड हे सगळं तिथून सुरू होतं. जुलाब-उलट्या झाल्याच तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट 6 चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अंदाजानं टाकायचं नाही.

पाचला लगोरी. नऊ वर्षांच्यांना तेरा वर्षांच्यांचा चेंडू पाठीत बसतो, म्हणून रबरी नको, चिंध्यांचा.

साडेसातलाच खिचडी: 3 किलो तांदूळ, 1 किलो मूगडाळ, चुलीवर उघड्या पातेल्यात 15 लिटर पाणी, वर थोडं आधणाचं हाताशी.

साडेआठपर्यंत आकाश पुरतं काळं होतं. उत्तरेला सप्तर्षी उंच आलेले असतात. चौकोनाच्या शेपटीपासून लांबच्या बाजूचे दोन तारे म्हणजे पुलह आणि क्रतू; पुलहापासून क्रतूकडे रेघ ओढून त्याच अंतराच्या पाचपट पुढे गेलं की ध्रुव. हात ताठ धरून मूठ मिटली की ती साधारण 10 अंश. इथे ध्रुव क्षितिजापासून दोन मुठींना थोडा कमी, कारण गावाचा अक्षांश साडेएकोणीस. मुलं हे करून बघतात तेव्हा भूगोलाचं पुस्तक पहिल्यांदा खरं वाटतं. सप्तर्षींच्या शेपटीची कमान पुढे नेली की स्वाती, आणखी पुढे चित्रा. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ; त्याच्याशेजारची अरुंधती कोणाला दिसत नसेल तर त्याचं नाव टिपून ठेवायचं, चष्म्याचं घरी सांगायला.

साडेनऊनंतर रडू. दुसरी रात्र पहिलीपेक्षा अवघड, कारण नवलाई संपलेली असते. घरी फोन लावून दिला की रडू वाढतंच आणि तिकडे आईही रात्रभर जागी. आधी विचारायचं ते पोटाचं: नीट जेवलास का, शी झाली का? लाजेनं शी दाबून धरणारी मुलं दर शिबिरात असतात. मग पाणी, पांघरूण, आणि ओळखीच्या मुलाशेजारी जागा. घरच्यांशी बोलणं सकाळी, नाश्त्यानंतर. अंथरूण ओलं झालं तर दोन जादा चादरी ताईच्या पिशवीत असतात. बदलताना दिवा लावायचा नाही, नाव घ्यायचं नाही.

पहारा दोघांचा, दोन-दोन तासांच्या पाळीनं. त्यात एक ताई हवीच. संडासाच्या वाटेवर एक कंदील सकाळपर्यंत.